शिटी आधी की झंडी

सेक्टर ७, भिलाई
संक्रांत, १४ जानेवारी १९९२

ती. देवरावभाऊंना
मारोतचा नमस्कार.

काल पॉवर हाऊस स्टेशनवर तुम्हाला गाडीत बसवून द्यायला येतो म्हणालो आणि आलो नाही. ट्रंक तुम्ही एकट्यानंच चढवली असणार. सुशीलानं तुमच्या वाटेसाठी केलेले तिळाचे लाडू डब्यातच राहिले. कालपासून ती माझ्याशी फक्त त्या लाडवांबद्दल बोलते आहे.

झालं असं, की सकाळी साडेसहालाच चरोद्याच्या हरलेल्या टीमची आठ-दहा माणसं क्वार्टरच्या दारात उभी होती. परवाच्या फुटबॉल फायनलचा राग निवलेला नव्हता. पुढे त्यांचा कॅप्टन फकिरा, रेल्वेच्या यार्डात शंटिंगला आहे तो. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, "काका, तुमाले आमी मानतो. पण तो गोल नोहता. आन आता मशीन बी पाहून राहिली होती."

मशीन म्हणजे बाबुलालचा कॅमेरा. सुपेल्यात लग्नाच्या कॅसेटी काढतो तो. भैय्याजींनी त्याला बक्षीस समारंभापुरतं बोलावलं होतं. पण गडी दुपारीच येऊन पाहुण्यांच्या मांडवाजवळ उभा राहिला आणि सगळी मॅच घेऊन बसला. आता चरोद्याचं म्हणणं, कॅसेट पाहा आणि मग सांगा. भैय्याजी स्पर्धेचे सेक्रेटरी आणि आपल्या पंच मंडळाचेही, तेव्हा दोन्हीकडून तेच अडकले. पुढच्या बुधवारी त्यांच्या घरी कॅसेट लावणार आहेत.

तुम्ही तिथंच होता, तरी माझ्या बाजूनं कसं दिसलं ते लिहितो. दोघांचंही शून्य, पाच मिनिटं उरलेली. चरोद्याच्या गोलवर कोहक्याच्या पोरानं मारलेला बॉल आडव्या दांड्याला खालून लागून सरळ खाली पडला आणि गोलकीपरनं छातीशी धरला. तुम्ही त्या टोकाला पूर्वेच्या लाईनवर होता. मी मधल्या वर्तुळाजवळ, चाळीस पावलं मागे. आता बॉलबरोबर पळणं होत नाही भाऊ, गुडघे बोलतात. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही सेंटरकडे पळायला लागला होता. लाईनमन सेंटरकडे पळाला म्हणजे गोल. मी शिटी दिली. माझ्या आठवणीत हे असंच आहे आणि भैय्याजींना मी तसंच सांगितलं.

त्यांना तुमच्याकडूनही दोन ओळी लिहून हव्यात. तेवढं पाठवा.

दुसरं. मंडळाच्या खोलीतली निळी पाटी तुम्हाला ठाऊक आहे, निवृत्त पंचांच्या नावांची. सव्वीस जानेवारीला तिच्यावर तुमचं नाव लिहायचं ठरलं आहे. पेंटरला सांगून झालं. शाल-श्रीफळ गावी पाठवू. अठरा वर्षं तुम्ही लाईनवर होता आणि मी मध्ये. काल रात्री जुन्या गोष्टी आठवत बसलो. शहात्तर साली, त्या चिखलातल्या मॅचनंतर, आपण दोघांनी खूण ठरवली होती. झंडी नेहमी उजव्या हातात. डाव्या हातात घेतली म्हणजे 'मला दिसलं नाही, तुम्हीच पाहा.' बाकी लाईनमन हात बदलत राहतात, तुम्ही उगाच कधी बदलला नाही. ती खूण शेवटची कधी कामी आली, आठवत नाही.

पुढच्या जानेवारीत मला पन्नास पूर्ण, आणि पन्नाशीनंतर मंडळ कोणाला शिटी देत नाही. अजून एक फायनल, मग मीही सुटलो.

प्रकृतीला जपा.
मारोत चुटे


बोरटोला, ता. आमगाव
१९ जानेवारी १९९२

मारोतराव यांना देवराव बहेकारचा रामराम.

पत्र पावलं. हे उत्तर माही सून विजया लिहून राहिली. थंडीनं माह्या हाताले कंप सुटते म्हून. तिले म्हटलं, म्या बोलतो तसंच लिही, शुद्ध करू नको. नाही तर मारोतरावाले वाटंल का बुढा गावात जाऊन मास्तर झाला.

लाडवाचं सुशीलाबाईले सांगा, का माह्या वाट्याचे तुमी खाल्ले असं मी समजतो.

आता तुमचं काम. बॉल आत होता. म्या पाह्यला. म्याच आधी पळालो अन् मंग तुमी शिटी मारली. हे माह्या नावानं भैय्याजीले द्या. विजयाच्या हातचं असलं तरी खाली सही माहीच आहे. चरोद्यावाल्यायले म्हणा, हरले त हरले. आमी का पैसे खाल्ले कोणाचे? तो फकिरा लहान होता तवापासून त्याले वळखतो. पोरगा सरळ आहे, पण हरणं त्याले कधी जमलं नाही.

मशीनचं मात्र मले नवल वाटते. लग्नात तो बाबुलाल नवरदेव सोडून जेवणाऱ्यायच्या पत्रावळीच घेत राह्यते. त्याच्या मशीनीत बॉल सापडला त मले कळवा.

इथं आल्यापासून सगळे इचारतात, कसं वाटून राह्यलं? का सांगू! तीस वर्षं कारखान्याच्या सायरनवर उठलो. इथं सायरन नाही तरी पाचले उठतो अन् मंग काय करावं कळत नाही. धान निघालं आहे. धानाच्या बांधीत आता लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवं आहे म्हणतात. मी शेताच्या धुऱ्यावर जाऊन उभा राह्यतो. लाईनवर उभं राह्याची सवय, दुसरं का!

पाटीसाठी घाई करू नका. लिहिलं त लिहिलं.

तुमचा
देवराव


सेक्टर ७, भिलाई
२९ जानेवारी १९९२

ती. देवरावभाऊ,

हे पत्र लिहायला सात दिवस लावले. दोनदा लिहून फाडलं.

बुधवारी संध्याकाळी भैय्याजींच्या बैठकीत कॅसेट लावली. चरोद्याचे चौघे, कोहक्याचे चौघे, मी, आणि मशीन चालवायला बाबुलाल. त्यानं कॅसेट लग्नासारखीच तयार करून आणली होती. पहिल्या हाफवर शहनाई. पाहुण्यांच्या गळ्यात हार पडला की पडद्यावर बदामाचा आकार उमलायचा आणि त्यातून पुढची मॅच दिसायची. सुरुवातीला सगळे हसले. फकिरासुद्धा हसला. म्हणाला, "बाबुलाल, हमारे गोलकीपर की बिदाई भी डाल देता."

मग तो बॉल आला. बाबुलालनं चित्र थांबवलं, पुढं-मागं केलं. थांबवलं की पडद्यावर पांढऱ्या रेघा धावायच्या, तरी पुरे होतं. बॉल दांड्यावरून खाली आला तो गोलच्या लाईनच्या बाहेर, मैदानातच, चांगला वीतभर. फकिरानं उठून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. कोहक्याच्या पोरांनीही माना खाली घातल्या. त्या बैठकीत बॉल आत पाहणारा कोणीच उरला नव्हता.

भैय्याजींनी विचारलं, "मारोतराव, आता?" मी तुमचं पत्र काढून दिलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे चूक लाईनमनची. पंचानं लाईनमनवर विश्वास ठेवला, त्यात पंचाचा काय दोष?"

भाऊ, त्या वेळी मला बरं वाटलं. तुमच्यापासून लपवून काय करू? छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि मी गप्प बसलो.

ठरलं ते असं. सोळा फेब्रुवारीला मॅच पुन्हा. आणि पाटीवर तुमचं नाव तूर्त घ्यायचं नाही. "शेवटच्याच मॅचमध्ये एवढी मोठी चूक, आणि लगेच सन्मान केला तर चरोद्याला काय तोंड दाखवू," असं भैय्याजी म्हणाले. तूर्त म्हणजे कधीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सव्वीसला झेंडावंदन झाल्यावर खोलीत गेलो. पेंटरनं पाटीवर तुमच्या नावासाठी खडूनं दोन रेघा आखून ठेवल्या होत्या. मधली जागा रिकामी.

गुरुवारच्या सामुदायिक प्रार्थनेला बसलो, पण मन लागलं नाही. चूक कोणाची का असेना, तिथं बसून तुमचं पत्र पुढं करणारा हात माझा होता. तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. रागावला नसाल तर तेही लिहा, म्हणजे मला झोप लागेल.

मारोत


बोरटोला
५ फेब्रुवारी १९९२

मारोतराव यांना रामराम.

राग कायचा? बॉल बाहेर होता त होता. मशीन दाखवून राह्यली त आपण कोण नाही म्हणणारे? माह्यावर टाकलं ते बरं केलं. मी त मैदानातून बाहेर झालो. आता मले कोणी शिव्या देल्या तरी आमगावपर्यंत आयकू येत नाहीत. तुमचं एक वर्स आहे. पुढची फायनल तुमचीच. पन्नाशीच्या आधी माणसाच्या हातून शिटी काढून घेतली त जीव जाते.

पाटीचं कावून मनाले लावून घेता? पत्र्याचा तुकडा तो. माहं नाव त कारखान्यातही कोणी नीट लिहिलं नाही. बहेकारचं तीस वर्षं बाहेकार करत राह्यले.

निवांत झोपा. मॅचचं कळवा.

देवराव

(खाली, त्याच शाईत, बारीक अक्षरात)

काका, मी विजया. बाबांनी पाकीट चिकटवायला दिलं तेव्हा हे लिहिते आहे. त्यांना सांगू नका.

बाबांच्या हाताला कंप नाही. त्यांना अक्षरं दिसत नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, निदान वर्षभराचा असेल. ऊन समोर आलं की त्यांना सगळं पांढरं दिसतं. भिलाईत त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

पाटीचं पत्र मी वाचून दाखवलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर एकटेच बसून म्हणत होते, "म्या त झंडी डाव्या हातात घेतली होती." मी विचारलं, म्हणजे काय, तर म्हणाले, "काही नाही, जुनी गोष्ट." मला त्याचा अर्थ कळला नाही. तुम्हाला कळेल असं वाटलं म्हणून लिहिलं.


सेक्टर ७, भिलाई
२३ फेब्रुवारी १९९२

ती. देवरावभाऊ,

विजयाला रागावू नका. तुमच्या पत्राखाली तिनं डोळ्यांचं आणि झंडीचं लिहिलं, ते तिनं लिहायलाच हवं होतं.

तिचं वाचून मी त्याच दिवशी सुपेल्याला बाबुलालच्या दुकानात गेलो. म्हटलं, मूळ कॅसेट दाखव, ज्यात तू काही घातलं नाहीस ती. तो म्हणाला, "काका, वो तो कच्चा माल है. ना शहनाई, ना दिल. मजा नहीं आएगा." मी म्हटलं, लाव. दुपारची वेळ होती. दुकानात कोणी गिऱ्हाईक नव्हतं. तो एका लग्नाचा अल्बम चिकटवत बसला आणि मी स्टुलावर बसून सगळा दुसरा हाफ पाहिला. पस्तीस मिनिटं.

मांडव पश्चिमेला, म्हणून कॅमेरा पश्चिमेला. त्यामुळे मैदान दिसलं की पलीकडच्या लाईनवर तुम्ही दिसता. ऊन सरळ तुमच्या तोंडावर. आणि झंडी डाव्या हातात.

आधी मला वाटलं, त्या गोलच्या वेळी घेतली असेल. कॅसेट मागं नेली. त्याच्या आधीही डाव्या हातात. आणखी मागं नेली. हाफ सुरू झाला, तुम्ही लाईनवर येऊन उभे राहिला, डोळ्यांवर आडवा हात धरून एकदा समोर पाहिलंत, आणि झंडी या हातातून त्या हातात घेतलीत. तेव्हापासून शेवटच्या शिटीपर्यंत ती तिथंच आहे. पस्तीस मिनिटं तुम्ही मला सांगत होता, की मला दिसत नाही, तुम्ही पाहा. मी एकदाही तुमच्याकडे पाहिलं नाही.

बाबुलालनं अल्बमवरून मान वर केली आणि विचारलं, "काका, ये सामने वाले काका कौन हैं? बॉल इधर जाए, उधर जाए, ये तो पूरा टाइम आप ही को देख रहे हैं."

मी कॅसेट पुन्हा त्या गोलपाशी नेली.

आता त्या गोलचं. कच्च्या कॅसेटमध्ये शहनाई नाही, म्हणून आवाज आहे. बॉल पडतो. माझी शिटी वाजते. तुम्ही जागचे हललेले नाही. मी सेंटरकडे हात करून वळतो. त्यानंतर सात सेकंदांनी, मी भिंतीवरच्या घड्याळावर मोजले, तुम्ही मान खाली घालून सेंटरकडे चालू लागता, पळतही नाही. पंचानं गोल दिला, आता लाईनमननं काय करायचं! शिटी आधी होती भाऊ, तुम्ही नंतर. मी भैय्याजींना सांगितलं ते उलटं होतं. खोटं सांगतो आहे असं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. अठरा वर्षं तुम्ही आधी पळत आलात आणि मी नंतर शिटी देत आलो. या वेळीही तसंच झालं असणार, असं माझ्या मनानं धरलं आणि तेच मला दिसलं. पण तुम्ही मात्र जाणून खोटं लिहिलंत, माझ्यासाठी. ते मला सोसवत नाही.

काल कॅसेट घेऊन भैय्याजींकडे गेलो. फकिरालाही बोलावलं. मॅच सोळा तारखेला पुन्हा झालीच आहे, चरोदा दोन-शून्यानं जिंकलं, तेव्हा कपाचा प्रश्न उरला नव्हता. भैय्याजी म्हणाले, "मारोतराव, मिटलं आहे ते कशाला उकरता?" मी म्हटलं, माझं मिटलेलं नाही. कॅसेट लावली. झंडीचं मी सांगितलं तर म्हणाले, "ही खूण कुठल्याच नियमात नाही." बरोबर आहे, ती आपल्या दोघांतली होती. पण शिटीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. आधी शिटी, मग देवराव. मी ते कागदावर लिहून सही करून दिलं.

फकिरा जाताना म्हणाला, "काका, हे तुमी आधी पाह्यलं असतं त मी तुमच्या दारात आलोच नसतो." मग चपला घालताना म्हणाला, "आन देवरावकाकाले मी उगाच बोललो."

मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. काय ठरवतील ते ठरवोत. शिटी मी देव्हाऱ्यात ठेवत असे, ती काल काढून कपाटात ठेवली.

तुम्ही डोळे दाखवा. पुढची पत्रं त्यानंतर लिहा.

मारोत


बोरटोला
२ एप्रिल १९९२

मारोतराव यांना रामराम.

हे मी सोता लिहून राह्यलो. अक्षरं मोठी आहेत म्हून हसू नका. गोंदियाले शिबिरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटून बारा दिवस झाले. जाड काचेचा चष्मा देला. पहिल्यांदा लाखोळीच्या वाळल्या शेंगा दिसल्या. विजया त वाटली त्यापेक्षा खूप काळी निघाली, तसं तिले बोललो त दोन दिवस चहा फिका देला.

तुमचं पत्र पाच-सहा वेळा वाचलं. दुसऱ्याच्या तोंडून आयकणं वेगळं अन् आपल्या डोळ्यानं वाचणं वेगळं.

तुमी सारी चूक आपल्यावर घेतली. ते बरोबर नाही. खूण केली अन् मी मोकळा झालो. मले पळत मैदानात येऊन तुमाले सांगता येत होतं, का मारोतराव, मले दिसत नाही, दुसरा माणूस लाईनवर उभा करा. तेवढं ओरडायले काय झालं होतं? पण शेवटची मॅच होती. मांडवात सारे बसले होते. आंधळा म्हून बाहेर निघायचं नव्हतं. वाटलं, मारोतराव पाह्यतील, समजून घेतील, कोणाले कळनार नाही. हरेक वेळी वाटलं, आता पाह्यतील.

तुमी पाह्यलं नाही याचं मले वाईट वाटलं होतं. लिहितो, कारण तुमी सारं लिहिलं.

आखीन एक. पाटीचं काही नाही असं म्या लिहिलं होतं, ते खोटं. मले ते नाव पाह्यजे आहे. लागलं का, ते कळवा.

देवराव


सेक्टर ७, भिलाई
२० एप्रिल १९९२

ती. देवरावभाऊ,

तुमची मोठी अक्षरं सुशीलानं डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, विजयाला काळी म्हणाले ते बरं नाही केलं.

नाव लागलं. आज सकाळी पेंटर आला. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि कागदावर 'बहेकार' लिहून त्याच्या हातात दिलं, 'बा' होऊ नये म्हणून. त्यानं तुमच्या नावापुढं 'पंच' लिहायला घेतलं तेव्हा मी थांबवलं. 'लाईनमन' लिहायला लावलं. पाटीवर तो शब्द पहिल्यांदाच आला. भैय्याजी म्हणाले, "असं कोणाचं लिहिलेलं नाही." मी म्हटलं, असा कोणी झालाही नाही. रंग अजून ओला आहे. फोटो बाबुलाल काढून देणार आहे. तो आल्यावर पाठवतो.

मंडळानं माझं ठरवलं तेही सांगतो. वर्षभर मला शिटी नाही. काम करायचं असेल तर लाईनवर. म्हणजे पुढची फायनल माझी नाही. मी हो म्हणालो. सुशीलाला वाटलं मला दुःख होईल. झालंही, पण थोडं, आणि ते दुःखापेक्षा थकल्यासारखं होतं. बैठकीत भैय्याजी सांगत होते, पुढच्या वर्षी दोन कॅमेरे लावू, दोन्ही बाजूंनी, म्हणजे पंचाच्या डोळ्यांवर अवलंबून राहायला नको. लावावेत. कॅमेऱ्यानं बॉल बाहेर पडलेला दाखवला, आणि ते खरं होतं. पण तुमची झंडी त्याच्याच कॅसेटवर पस्तीस मिनिटं दिसत होती आणि ती वाचणारा मैदानात एकच माणूस होता. त्याचं लक्ष नसेल तर चार कॅमेरे लावून काय होणार, हे मला कळत नाही.

काल उन्हाळी स्पर्धेची पहिली मॅच झाली. मी मुद्दाम पूर्वेची लाईन मागून घेतली. पंच नवा आहे, पंचविशीतला, चांगला पळतो. पहिला हाफ बरा गेला. दुसऱ्या हाफात साडेपाचच्या सुमाराला ऊन झाडांच्या खाली उतरलं आणि सरळ तोंडावर आलं. माझे डोळे अजून चांगले आहेत भाऊ, तरी मला गोलच्या दांड्या दिसेनात. पोरं नुसती सावल्यांसारखी इकडून तिकडं जात होती. बॉल कुठं आहे ते माणसांच्या ओरडण्यावरून कळत होतं. तुम्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन त्या जागी कसे उभे राहिलात ते मला तिथंच समजलं.

झंडी मी डाव्या हातात घेतली.

तो पोरगा पंच माझ्याकडे पाहत नव्हता. पाहिलं असतं तरी त्याला काय कळणार होतं? त्याला ही खूण ठाऊक नाही. मॅच संपल्यावर मी त्याला चहाच्या टपरीवर घेऊन गेलो आणि ती शिकवली. तो हसला. म्हणाला, "अंकल, दिखा नहीं तो चिल्ला देना ना."

मी म्हटलं, हो, ओरडेन. पण तू मध्ये मध्ये इकडे पाहत जा.

मारोत